नावाडी पळाला की नाही

माझ्या मामाचं केस कापायचं दुकान आहे. दोन खुर्च्या, त्यातली एक मोडकी, एक बाकडं आणि भिंतभर आरसा. मामाला वाचता येत नव्हतं, पण गोष्टींचं भारी वेड. म्हणून दुकानात त्याचा नियमच होता: बाकड्यावर बसून जो मोठ्यानं एक प्रकरण वाचेल, त्याचा नंबर पहिला. पुस्तक एकच. कुणीतरी विसरून गेलेली जाडजूड कादंबरी, कव्हर कधीच गेलेलं. त्यात एक नावाडी होता, मामाचा भारी लाडका. शेजारीच राहत असल्यासारखी मामा त्याची काळजी करायचा.

एका सकाळी एक कारकून आला, ऑफिसला उशीर झालेला. भराभर प्रकरण वाचलं आणि खुर्चीत जाऊन बसला. प्रकरणाच्या सुरुवातीला नदीला पूर, नावाडी माणसांना घेऊन निघालेला. शेवटी माणसं खडकावर अडकून हाका मारतायत आणि नावाडी नावेसकट गायब.

"पळाला साला!" बाकड्यावरचा रिक्षावाला म्हणाला.

"तो पळणाऱ्यातला नाही," मामा म्हणाला. "साहेब, तुम्ही पानं गाळलीत."

कारकून आरशातून हसला. "तुला वाचता येतं का? मग गप दाढी कर."

मी तिथंच चहा पीत होते. मी पार्सलं पोचवते, दिवसातून एकदा तरी दुकानात टेकतेच. कप आपटून उठले, पण मामानं डोळ्यांनीच खाली बसवलं. वर त्या माणसाची दाढी अगदी गुळगुळीत करून दिली. मामाच्या जागी मी असते तर अर्धी मिशी उडवली असती.

पुढच्या प्रकरणांत नावाड्याचं नावच नाही. रिक्षावाल्याला तर चाळाच लागला, "काय मामा, तुझा पळपुट्या सापडला का?" मामा हसायचा नाही. जेवताना मामीलाही तेच, "तो असा नाही गं."

मी म्हटलं, "आण इकडे, मी वाचून सांगते."

"नको. तो पळाला असला तरी तू मला सांगशील, नाही पळाला."

सांगितलंच असतं.

"त्यापेक्षा मला शिकव."

"मी? मी आठवीत शाळा सोडली, मामा!"

"म्हणूनच. मास्तरांसारखी ओरडणार नाहीस."

ओरडले. चिक्कार ओरडले. दुकान उघडायच्या आधी आरशावर साबणाच्या फेसानं मी अक्षर काढायचे, खाली तो काढायचा.

"या क चं पोट कुठं गेलं?"

"दाढी केली त्याची, मास्तरीणबाई."

मग त्याला नादच लागला. दुकानांच्या पाट्या, औषधांच्या बाटल्या, माझ्या पार्सलांवरचे पत्ते, काही सोडेना. भर रस्त्यात थांबून वाचायचा, मागून हॉर्न वाजायचे. मामी वैतागली, "येत नव्हतं तेच बरं होतं. भाजी आणायला दुप्पट वेळ लागतो."

शेवटी ते प्रकरण त्यानं स्वतःच शोधून काढलं. गिऱ्हाईक नसलं की बोट ठेवून बसायचा. काही विचारलं की, "बोलू नकोस, ओळ हरवते."

एका दुपारी त्यानं पुस्तक मांडीवर ठेवलं. "पळाला गं."

"काय?"

"पानं गाळलीच होती त्या कारकुनानं, चांगली सात-आठ. पण त्यात तेच आहे. पळाला."

मला असा राग आला! "म्हणजे एवढी मेहनत फुकट?"

"फुकट कशी? पलीकडं झाडीत लपून बसलाय तो. हाका ऐकू येतायत त्याला. उठायचं म्हणतो, पाय उचलत नाहीत. त्याचा बाप त्याच खडकापाशी बुडाला होता." मामानं मांडीवरचं पुस्तक मिटलं. "मीपण उठलो नसतो."

दुसऱ्या दिवशी रिक्षावाला खुर्चीत बसला. "काय मामा, पळपुट्या काय म्हणतोय?"

"पळाला. तुझं बरोबर होतं," मामा म्हणाला. त्याच्या दोन्ही गालांना भरपूर साबण फासला, वस्तरा बाजूला ठेवला आणि पुस्तक उघडलं. "आता ऐक."

एकेक अक्षर जोडत मामा वाचायला लागला. रिक्षावाला आधी हसला. मग घड्याळाकडे बघितलं. मग बघायचं सोडून दिलं. बाहेर त्याच्या रिक्षात कुणीतरी येऊन बसलं, हाका मारून उतरून गेलं. गालावरचा साबण सुकून तडकला.

"मग?" तो म्हणाला. "उठला का तो?"

"थांब रे," मामा म्हणाला, "जोडाक्षर आलंय."