रणभट्टीतली माझी किंकाळी

पुण्याची गाडी चंद्रपूरहून दुपारी सुटली. आई खिडकीखाली उभी राहून सांगत होती, "तिथं जोरानं बोलू नको वं, पुण्याचे लोक हासतात." बाबांनी पाण्याची बाटली वर दिली आणि लगेच तोंड फिरवलं. मी कॉम्प्युटरचं एमसीएस करायला निघाले होते. तुम्ही सगळ्या मैत्रिणी हात हलवत होतात. नंतर तुमच्यातल्याही कितीजणी कुठं कुठं गेल्या. राहिलेल्यांना आणि गेलेल्यांना, सगळ्याजणींना हे सांगायचंय.

जोरानं बोलू नको म्हणे! वर्षाच्या आत मी 'रणभट्टी' या हेवी मेटल बँडची गायिका झाले. बिबवेवाडीत ग्रिल बनवायच्या एका शेडमध्ये सुट्टीच्या दिवशी आमची प्रॅक्टिस चालायची. तासभर जीव तोडून वाजवलं की शेडचे मालक डोकावून विचारायचे, "आपलं ट्युनिंग झालं असेल, तर गाणं कधी सुरू करताय?"

आमचा बाज जुना. दोन गिटार, चामड्याचे पट्टे आणि वर वर चढत जाणारा मोकळा आवाज. सगळीकडे घशातून गुरगुरायची फॅशन आली, तरी आमचा लीडर अभय बधला नाही. दोन अल्बम, पाच ड्रमर आणि मोजकीच पण कट्टर माणसं, एवढीच आमची कमाई. 'भट्टी' या गाण्याच्या शेवटी माझी लांबलचक किंकाळी होती. तेवढ्यासाठी लोक कोल्हापूरहून यायचे. खोटं कशाला बोलू, पुणं मला तेव्हा पहिल्यांदा आपलं वाटलं.

मग घशात गाठ आली. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, बोला, पण ओरडू नका. मी खराडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी धरली आणि माझ्या जागी नील नावाचा मुलगा आला. लोक म्हणायचे, सेम टू सेम गातो. आठ वर्षं मी त्यांचा एकही शो पाहिला नाही. धीरच होत नव्हता.

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी ऑफिसजवळच्याच हॉलमध्ये त्यांचा शो होता. कुणाला न सांगता तिकीट काढून गेले. 'भट्टी' आलं. नीलनं मान मागे टाकली, किंकाळी निघाली, माझ्या अंगावर काटा आला. आणि त्यानं घाम पुसायला माइक खाली घेतला. किंकाळी चालूच!

अगं बाई! तो माझा आवाज होता. बावीस वर्षांची असतानाचा, रेकॉर्डिंगमधून उचललेला. आजूबाजूला लोक डोळे मिटून, हात उंचावून डोलत होते. एकालाही कळलं नाही.

शो संपल्यावर अभयला स्टेजमागे गाठलं.

"तो आवाज दुसऱ्या कुणाचा निघतच नाही गं," तो म्हणाला.

"मग मला विचारायचंस!"

"नाही म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलंच नाहीस? वा!"

नील खाली मान घालून म्हणाला, "ताई, मी रोज ट्राय करतो. तिथं आवाज फाटतोच."

रिक्षात बसले. न विचारता घेतलं, याची तिडीक डोक्यात गेली होतीच. पण खरा धक्का वेगळाच होता. मला वाटायचं, आपण गेलो तेव्हा तिथं निदान एक जागा रिकामी राहिली असेल. यांनी ती रिकामी होऊच दिली नव्हती. मी गेलेय, हेच कुणाला कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी अभयला सांगितलं, गाण्यातून माझा आवाज काढून टाक, नाहीतर मी सगळ्यांना सांगेन.

"लोक जातील," तो म्हणाला.

"जाऊ देत."

परवाचा शो बिबवेवाडीच्या शेडमध्येच झाला. मी पुढेच उभी होते. 'भट्टी'च्या शेवटी नीलचा आवाज चढला, चढला आणि नेमका तिथंच फाटला. फार वाईट फाटला. मग मागून एक टक्कल पडलेले गृहस्थ ओरडले, "अहो, तुमच्या त्या जुन्या बाई कुठं असतात हल्ली?"

मी तिथंच, सगळ्यांसमोर, हमसून हमसून रडले. चंद्रपुरात मी नाही, हे आईला रोज जाणवतं, म्हणून ते माझं घर. पुण्यात राहून इतकी वर्षं झाली, पण इथं माझी उणीव कुणाला भासली ती परवाच.