मंगळसूत्र घातलेली हिरोइन

एका परक्या माणसाला फोन करून मी सांगितलं, की तुमच्या मिसेसचा एक व्हिडिओ माझ्याकडे आला आहे, एकदा येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघून जा. आवाज मुद्दाम खाली आणून सांगितलं, कसला व्हिडिओ ते सांगितलंच नाही. फोन ठेवल्यावर स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन एक स्पेशल चहा मागवला. तेव्हा मी बावन्न वर्षांची अल्लड पोर होते. आता दोन नातवंडांची आजी आहे, आणि तो चहा अजून घशात अडकतो.

खामगावात माझं मिक्सिंगचं दुकान होतं. शूट केलेले तुकडे कापायचे, जोडायचे, वर इफेक्ट टाकायचे, याला आमच्याकडे मिक्सिंग म्हणतात. आधी लग्नांचं काम असायचं. मग गावोगावचे गायक यूट्यूबसाठी गाणी काढायला लागले आणि मी गाण्यांची बाई झाले.

गाण्यांचे कायदे ठरलेले होते. भक्तिगीत असेल तर देवाच्या तळहातातून किरणं निघणार. भीमगीत असेल तर निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, उगवता सूर्य, आणि गायक खालून शूट केलेला, म्हणजे तो आभाळाएवढा दिसतो. डीजेच्या गाण्यात गॉगल, गाडीचं बोनेट आणि प्रत्येक ठोक्याला कट. लव्ह साँगमध्ये हिरोइनचे आधी पाय, मग बांगड्या, मग केस. चेहरा सगळ्यात शेवटी. भाऊबीजेच्या गाण्यात भाऊ पाटावर बसतो आणि कॅमेरा समोर खुंटीसारखा उभा राहतो. आवाज बंद करून कुठलंही गाणं लावा, मी दहा सेकंदांत प्रकार सांगायचे. या गोष्टीचा मला फार गर्व होता.

दिवाळीच्या आधी नांदुऱ्याच्या संजूने एक मेमरी कार्ड पाठवलं. संजू कॅमेरामन. पाकिटावर लिहिलं होतं, 'दीपाली, बीबी'. खाली दोन मोबाइल नंबर, दुसऱ्यासमोर 'मिस्टर'. निरोप एवढाच होता, की गाण्याचा ट्रॅक नंतर येईल, तोवर रफ कट करून ठेवा. रफ कट म्हणजे कच्ची जोडणी.

सगळे शॉट स्लो मोशनमध्ये होते. त्या कॅमेऱ्यात स्लो मोशन लावलं की आवाज रेकॉर्ड होत नसे. म्हणजे माझ्यासमोर मुकं चित्र. एका स्टेशनचा प्लॅटफॉर्म. एक देखणा पोरगा बॅग घेऊन गाडीतून उतरतो, गॉगल काढतो. इकडे बाईचे पाय, बांगड्या, उडणारे केस. मग ती कपाशीच्या वावरातून पळत येते आणि तो मागून येऊन तिचे डोळे झाकतो.

दहा सेकंद लागलेच नाहीत. लव्ह साँग. मी गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या आणि दोघांना बदामाच्या फ्रेममध्ये बसवलं.

मग क्लोजअप आला आणि तिच्या गळ्यात मंगळसूत्र दिसलं.

लव्ह साँगमधली हिरोइन मंगळसूत्र घालत नाही. मी झूम केलं. काळे मणी, घासून जुन्या झालेल्या वाट्या. शूटिंगसाठी आणलेलं नव्हतं, रोजच्या वापरातलं होतं. पोराच्या बोटात मात्र अंगठीसुद्धा नाही. मी संजूला फोन लावला.

"ही बाई कोण बे?"

"क्लायंट हाय काकू. तुम्ही कट मारा."

"आणि हा पोरगा तिचा नवरा हाय का?"

"नाही," तो म्हणाला.

"मग नवऱ्याले माहीत हाय का हे?"

संजू हसला. ड्रोनची बॅटरी संपून राह्यली म्हणाला आणि फोन ठेवला. ते हसणं मी पुरावा म्हणून धरलं. आता प्रत्येक शॉट मला काहीतरी सांगायला लागला. बॅग एवढी मोठी कशाला? ती पळताना मागे वळून का बघते? घर सोडून निघाली असणार, आणि व्हिडिओ माझ्या दुकानात बनणार! अकराच्या सुमारास मी 'मिस्टर'चा नंबर फिरवला.

तो दोननंतर आला. मोटारसायकलवर, एकटा. उंच माणूस, चपलेला वावरातली माती, सदऱ्याला सोयाबीनच्या काड्या. पाणी विचारलं तर नको म्हणाला. मी रफ कट लावला. तो उभ्यानेच बघत होता. पाकळ्या पडल्या. बदाम आला. त्याने पुन्हा लावायला सांगितलं. टेबलावरची कात्री मी हळूच ड्रॉवरमध्ये सरकवली.

"हे बदाम कोणी टाकले?"

"मी."

"काऊन?"

"लव्ह साँगले टाकावे लागतात."

तो खुर्चीवर बसला. आता त्याने पाणी मागितलं, तांब्याभर प्यायला.

"मावशी, तो माझा साळा हाय," तो म्हणाला. "हिचा सख्खा भाऊ. भाऊबीजेचं गाणं हाय हे."

मग हळूहळू सगळं कळलं. पाकिटावरचं 'बीबी' म्हणजे भाऊबीज. दीपालीने स्वतःच्या मनाने लग्न केलं होतं. चार वर्षं झाली, बाप तिचा फोन उचलत नव्हता, मात्र मोबाइलवर दिवसभर गाणी बघत बसायचा. सुरतेला नोकरी करणारा भाऊ म्हणाला, तुझा फोन घेत नाही, तुझं गाणं तरी बघेल. गाणं तिने स्वतः म्हटलं होतं. ओवाळणीचा शॉट घरी घ्यायचा राहिला होता, दुसऱ्या कार्डावर येणार होता. मागे वळून ती का बघत होती? नवरा तिथेच उभा राहून साडीचा पदर सांभाळ म्हणून सांगत होता. आणि संजू? त्याला पाय, बांगड्या, केस याशिवाय दुसरं काही शूट करताच येत नसे. त्याने आरती शूट केली असती तरी पुजाऱ्याचे आधी पाय दाखवले असते.

बदाम काढले. पाकळ्या काढल्या. पळण्याचा शॉट काढता येईना, कारण मुळात गाणंच त्याच्यावर उभं होतं. ओवाळणी आली, ती शेवटी जोडली. भाऊबीजेच्या सकाळी भावाने बापाच्या मोबाइलवर व्हिडिओ लावून दिला.

बापाने तो तीनदा पाहिला. रडला नाही, काही नाही. फक्त विचारलं, "हे पोरगी एवढी हळू काऊन पळते? पायाले लागलं का तिच्या?"

भावाने स्लो मोशन समजावून सांगितलं. म्हाताऱ्याला ते पटलं नाही. संध्याकाळी त्याने स्वतः फोन लावला आणि चार वर्षांनी पोरीशी पहिलं वाक्य बोलला, ते पायाबद्दल.

त्यानंतर आवाज हातात आल्याशिवाय मी एकाही गाण्याला कात्री लावली नाही, आणि पाकिटावरचा दुसरा नंबर कधी फिरवला नाही. दिवाळीनंतर पेनड्राइव्ह न्यायला दीपालीचा नवराच आला. मी माफी मागितली. तो हसला नाही, रागावलाही नाही. पेनड्राइव्ह खिशात ठेवत म्हणाला,

"मावशी, तुमचा फोन आला तवा मी वावरात होतो. घर तिथून हाकेवर, खामगाव तीन तास. तिले काही न इचारता मी आधी खामगावले आलो."