मामांची गोळी किती खोल

इंचाचा हजारावा भाग नुसत्या डोळ्यांनी दिसतो असं मानणारा माणूस अख्ख्या अमेरिकेत एकच असावा, आणि ते माझ्या बायकोचे मामा आहेत. सॉफ्टवेअरच्या नोकरीतून रिटायर झालेली आमच्या रेडमंड गावची इतर मंडळी गोल्फ खेळतात, भारतात जाऊन दात करून घेतात. मामांनी गॅरेजमध्ये रायफलची काडतुसं भरायला घेतली. शिकारीशी संबंध शून्य. घरात शिरलेला कोळीसुद्धा ते कागदावर घेऊन अंगणात सोडतात. त्यांचं वैर फक्त शंभर यार्डांवरच्या कागदाशी. पितळी पुंगळीत गोळी नेमकी किती खोल बसवायची, एवढाच त्यांचा प्रश्न. तीन हजारांश इंच आत, पाच गोळ्या झाडायच्या, भोकं किती जवळजवळ पडली ते मोजायचं, वहीत लिहायचं. मग आणखी तीन हजारांश. एकदा मामींनी जेवायला हाक मारली तर आतून आवाज आला, "थांब गं, बसतेय आता!" बसत होती ती गोळी; ती बसेपर्यंत आमटी गार झाली.

दर शनिवारी त्यांना नेमबाजीच्या रेंजवर न्यायचं काम माझ्याकडे. पाऊस, दीड तासाचा ड्राइव्ह आणि वाटभर गोळीची खोली. आठवडाभराच्या मीटिंगांनी मी इतका पिचलेला असे की हे सगळं कधी थांबेल, एवढंच मनात येई.

मागच्या हिवाळ्यात भोकं पांगायला लागली. आधी पाचही एका नाण्याखाली झाकली जात. आता मूठभर चुरमुरे उधळल्यासारखी. मामांनी खोली बदलली, पुन्हा बदलली, गोळी बसवायचा साचा नवा आणला. मामी मला फोनवर म्हणाल्या, "अरे, चहा सांडतोय त्यांच्या हातून. विषय काढला की गॅरेजमध्ये जाऊन बसतात."

त्याच आठवड्यातल्या शनिवारी, रेंजवर, शेवटी पाच गोळ्या उरल्या होत्या.

"तू मार," मामा म्हणाले. "मला कंटाळा आलाय."

मामांना कंटाळा? मी जेमतेम दोनदा रायफल हातात धरलेली. नेम धरताना एकदम लक्षात आलं, की माझा नेम बसला तर काय सिद्ध होईल. मी नळी किंचित बाजूला नेली.

"मुद्दाम चुकवू नकोस," मागून आवाज आला. "मला कळेल."

रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून मी नीट मारल्या. पाचही भोकं एका नाण्याखाली.

मामांनी कागद आणून भोकांवर नाणं ठेवून पाहिलं. "म्हणजे खोली बरोबर होती," ते म्हणाले आणि उजवा हात जॅकेटच्या खिशात घातला.

परतताना ते एक अक्षर बोलले नाहीत. इतके महिने मला हवी होती ती शांतता मिळाली, आणि ती सोसवेना. घराजवळ आल्यावर म्हणाले, "सोमवारी डॉक्टरकडे नेशील?"

"नेतो, मामा."

गाडीचा आवाज ऐकून मामी दारात येऊन उभ्या राहिल्या. मी बेल्ट सोडायला लागलो.

"जरा थांबू या," मामा म्हणाले. "हिला कसं सांगायचं ते ठरवू दे."

मी बेल्ट पुन्हा लावला आणि वायपर चालूच ठेवले.