दोनदा धुतलेला फेटिया

"हे कपडे आम्ही औषधाच्या पाण्यात दोनदा धुऊन घेतलेत हं. पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावू नये."

बाई हे माइकवर बोलल्या. हिंगोलीच्या आमच्या शाळेचं गॅदरिंग होतं. मी सातवीत होते. स्टेजवर बंजारा नाच सुरू होणार होता आणि डॉक्टरांच्या पोरीच्या अंगावर माझ्या याडीचा फेटिया होता. याडी म्हणजे आई. आमच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात, आणि घेरदार घागऱ्याला फेटिया.

सगळं मैदान हसलं.

तो फेटिया याडीनं लग्नाच्या आधी स्वतः शिवलेला. एकेक आरसा, एकेक कवडी हातानं टाचलेली. सणाला, लग्नाला तेवढा निघायचा. बाई म्हणाल्या होत्या, आईचे कपडे आण, खरेखुरे पाहिजेत. मला वाटलं, मीच नाचणार. महिनाभर मधल्या सुट्टीत मी त्या पोरींना पावलं शिकवली. गाण्यातले शब्द घोकून घेतले. गॅदरिंगच्या दिवशी दुपारी बाईंनी मला बाजूला घेतलं.

"तू मागं थांब. मुलींच्या चपला सांभाळ. स्टेजवर जरा चेहरे बरे दिसायला हवेत."

मी चपला सांभाळल्या.

याडी सेनगावच्या पलीकडून, आमच्या तांड्यावरून, जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आली होती. पोरगी नाचणार म्हणून. खुर्च्या पाहुण्यांच्या. तिला कडंला सतरंजीवर बसवलं. पडद्याच्या फटीतून मला ती दिसत होती. लोक हसले, तशी तीही हसली. टाळ्या वाजवल्या. बाईंचं पुस्तकी मराठी तेव्हा तिला भरभर कळत नव्हतं. आपला फेटिया उजेडात चमकून राहिला, लोक खूश होऊन राहिले, एवढंच तिला दिसलं.

लोकांचं हसणं मी विसरले असते. याडीचं हसणं न्हाई विसरता आलं.

परतताना जीपमध्ये तिनं विचारलं, लोक काहून हसले. मी जीपच्या बाहेर बघत राहिले. फेटिया मांडीवरच्या पिशवीत होता. लाल रंग पिवळ्यावर उतरलेला. काही कवड्या गेलेल्या. औषधाचा उग्र वास. जीपमधली एक बाई नाकाला पदर लावून म्हणाली, दवाखान्यातून येऊन राहिले का तुमी?

मी शिकले. डी.एड. केलं. इकडं नोकरी न्हाई म्हणून ठाण्याला गेले. तिथं एका शाळेत मराठी शिकवायला लागले. शाळा ज्यू समाजाची होती. ज्यू म्हणजे कोण, हेही मला तिथं गेल्यावर कळलं. मला वाटलं होतं परदेशी लोक असतील. पण ती माणसं घरात मराठी बोलायची, कोकणातली गावं सांगायची. लेकरं सकाळी हिब्रूत प्रार्थना म्हणायची आणि तासाभरानं माझ्यापुढं मराठीतली क्रियापदं चालवायची. सण आला की आधी त्याचा धडा, मग सण. हा का करायचा, हे प्रत्येक लेकराला सांगता आलं पाहिजे.

मार्चात पुरिम नावाचा त्यांचा सण आला. लेकरं राजा-राणीचे कपडे घालून आली. हिब्रू शिकवणाऱ्या रिवकाबाई हॉलमध्ये जुनी गोष्ट वाचायला लागल्या. इराणातल्या कुण्या राजाचा वजीर, हामान त्याचं नाव. त्यानं साऱ्या ज्यू लोकांना मारायचा बेत केला होता आणि तो फसला. रिवकाबाईंच्या तोंडून हामानचं नाव निघालं रे निघालं, की अख्खा हॉल पेटायचा. लेकरं पाय आपटायची, खुळखुळे फिरवायची, डबे बडवायची. बालवाडीतलं एक पोरगं तर बाकावर उभं राहून नाचून राहिलं होतं.

मी रिवकाबाईंना विचारलं, इतक्या जुन्या माणसावर एवढा राग?

त्या हसल्या. म्हणाल्या, "हा होळीच्याच दिवसांत येतो, म्हणून आमची जुनी माणसं ह्याला होळीचा सण म्हणायची. हामानचं नाव दर वर्षी लेकरांसमोर वाचायचं. वाचलं नाही, तर लेकरांना वाटेल, असं काही झालंच नव्हतं."

त्या रात्री मला झोप आली न्हाई. या लोकांनी आपल्या वैऱ्याचं नाव इतक्या पिढ्या सांभाळलं. लेकरांच्या हातात खुळखुळा दिला आणि सांगितलं, हाच तो. आणि मी? मी माझ्या वैरिणीचं नाव गिळून बसले होते. लाज मला वाटत होती. चूक तिची आणि मान माझी खाली.

होळीला मी तांड्यावर गेले. याडी चुलीपुढं भाकरी थापून राहिली होती. तिला सगळं सांगितलं. बाई माइकवर काय बोलल्या, ते शब्दाला शब्द, आमच्या बोलीत. तिचा हात परातीतच थांबला. ती रडंल असं मला वाटलं होतं. ती रडली न्हाई. तव्यावरची भाकरी जळून गेली.

"नाव सांग तिचं," ती म्हणाली. "पुरं नाव."

मी सांगितलं. तिनं ते पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं, जिभेवर नीट बसेपर्यंत. मग म्हणाली, "ठाण्यात राहून हे कुणाला सांगशील तू? इकडं ये."

मी आले. शिक्षक भरतीत जिल्हा परिषदेची शाळा मिळाली, तीही आमच्याच तांड्यावरची.

मागच्या हिवाळ्यात शाळेपुढं पांढरी गाडी थांबली. त्याच बाई उतरल्या. आता त्या हिंगोलीच्या त्याच शाळेच्या संस्थेच्या सचिव झाल्या होत्या. संस्थेचा महोत्सव होता, मंत्री येणार होते. त्यांना बंजारा नाच पाहिजे होता. नाचायला पोरी त्यांच्याच शाळेतल्या, फक्त कपडे आमचे. मला ओळखून त्या खूश झाल्या. पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, ही आमचीच विद्यार्थिनी. शब्दही तेच होते. कपडे खरेखुरे पाहिजेत.

मी त्यांना वर्गात नेलं. खुर्ची दिली. एका पोरीला पाठवून याडीला बोलावून घेतलं. ती येऊन त्यांच्या समोर जमिनीवर बसली. मग मी लेकरांना गोष्ट सांगितली. गॅदरिंगची. फेटियाची. चपलांची. बाईंचं पुरं नाव घेऊन सांगितली आणि बोटानं दाखवलं, ह्याच त्या.

बाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "अगं, गंमत होती ती. तेव्हा सगळेच हसले होते. तुझी आईसुद्धा."

म्हणजे त्यांना सगळं आठवत होतं. बोलणं न कळलेली माझी याडी त्यांच्यासोबत स्वतःवरच हसली, हे त्यांनी तेव्हा पाहिलं होतं. त्याचीही मजा घेतली होती. इतक्या वर्षांत माझ्या मनात कुठंतरी होतं, की बोलण्याच्या भरात निघून गेलं असंल. ते त्या क्षणी संपलं.

मी म्हणाले, "मग तेच वाक्य आता पुन्हा म्हणा. आता तिला मराठी कळतं."

बाईंनी पर्स उचलली.

याडीनं मान वर केली. "बोल ना बाई. मी ऐकून राहिले."

बाई उठल्या. दाराशी त्यांना चप्पल सापडंना. लेकरांच्या चपलांच्या ढिगात गेली होती. त्या वाकून शोधत राहिल्या. एकही लेकरू उठलं न्हाई. मीही उठले न्हाई. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी केंद्रप्रमुखांचा फोन आला, की माफी मागा, विषय वाढवू नका. मग सरपंच आले. पोरी, मोठ्या लोकांशी वैर काहून घेतीस, म्हणाले, तुझी बदली करतील. याडीनं त्यांना चहा दिला आणि माफीचं नाव काढू नका म्हणून सांगितलं.

आता आमच्या शाळेच्या गॅदरिंगला नाचाच्या आधी ही गोष्ट होते. सगळ्यात लहान लेकरू उठून विचारतं, याडीच्या फेटियाचं काय झालं. मी सांगते. एकही शब्द मऊ करत न्हाई. मी इथं बाईंचं नाव लिहिलेलं न्हाई, पण आमच्या तांड्यावर पहिलीतल्या पोरीला विचारा.

बदलीची फाईल फिरून राहिली म्हणतात. फिरू द्या. जिथं पाठवाल तिथं शाळा असंल, शाळेत लेकरं असतील, आणि बाईंचं पुरं नाव मला पाठ आहे.