वहिनींनी बूड टेकवलं

समोरच्या माणसाचा चष्मा वाकडा असला, तर वहिनी बोलता बोलता हात पुढे करतात आणि सरळ करून टाकतात. ओळख असो वा नसो. सेफ्टी पिना त्या ओढणीला आतल्या बाजूने ओळीने टोचून ठेवतात. ओढणी धुवायला टाकताना दर वेळी विसरतात. फोनवर बोलताना चालतात. घर लहान असल्यामुळे गोल गोल चालतात. चहा उभ्याने पितात. रागावल्या की त्यांचा आवाज चढत नाही, खाली जातो. कुणी "बसा ना" म्हटलं की "बसते की" म्हणतात आणि बसत नाहीत. "नाही" हा शब्द त्यांना येतो, पण तो फक्त घरच्यांच्या वाट्याला.

त्या नेमक्या कुणाच्या वहिनी, हे कुणालाच माहीत नाही. चष्म्याच्या दुकानात काम करतात. काच घासून फ्रेममध्ये बसवायची, दांडी गरम करून कानामागे नीट वळवायची. दुपारी तिथून सुटल्या की घरी जात नाहीत, शाळेत जातात. शाळा चौथीपर्यंतच आहे आणि मुलगी चौथीत आहे. मुलीचं खरं नाव हजेरीपटावर. बाकी जगासाठी ती टिकली.

टिकली पहिलीत गेली त्या वर्षी वहिनी पालक मंडळाच्या सभेला गेल्या. कुणीतरी विचारलं, जुन्या पुस्तकांची विक्री कोण बघेल? सगळ्यांनी आपापल्या चपलांकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, मी बघते. संपलं. तेव्हापासून पुस्तकं, रोपं, शर्यती, केकविक्री, सगळं त्यांच्या गळ्यात. शाळेत काहीही ठरलं की पहिला प्रश्न एकच असतो: वहिनींना विचारलं का?

त्या केकविक्रीत एकदा वायरमननी चढाओढ करून एक केक घेतला. वायरमन म्हणजे तिसरीतल्या जुळ्यांचे वडील; मंडळाचे दिवे आणि माइक त्यांच्याकडे. घरी गेल्यावर कळलं, केक बायकोनेच केला होता. "तरीच म्हटलं, ओळखीचा कडकपणा आहे," असं ते अजून सांगतात. बायको जवळ नसताना.

या वर्षी पाण्याच्या नळांवर छप्पर घालायचं होतं. उन्हात रांग लागते, पोरांच्या माना भाजतात. म्हणून मेळावा, आणि मेळाव्याच्या शेवटी मुलांचं नाटक. नाटकाला तिकीट.

शाळेच्या सभागृहाला पडदा आहे. जाड, निळा, कुठल्याशा बंद पडलेल्या थिएटरातून आणलेला. त्याला एक खोड आहे. दोरी सरळ ओढली की तो मध्येच अडतो. आधी किंचित ढील द्यायची, कप्पी कुरकुरली की हलका हिसका, आणि मग ओढायचं. हे फक्त वहिनींच्या हाताला कळतं. त्यामुळे दर वर्षी नाटकभर त्या विंगेत, हातात दोरी. बसचालक असलेले टिकलीचे बाबा दर वर्षी पहिल्या रांगेत बसतात आणि शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकून ती धरून ठेवतात. दर वर्षी तिसरी घंटा झाली की तो रुमाल उचलतात आणि कुणाच्या तरी आजोबांना बसायला देतात.

यंदाच्या नाटकात एका राजाची झोप उडते. टिकली झोप विकणारी म्हातारी झाली होती. एकच प्रवेश, पण पूर्ण तिचा. वहिनी घरी तिच्या झग्याला ठिगळं लावत होत्या, मुद्दाम वाकडी. टिकली समोर उभी होती.

"आई, मी म्हातारी म्हणून कशी दिसते?"

"झकास."

"तुला काय माहीत?"

"म्हणजे? मी काय आंधळी आहे?"

"पहिलीत मी ससा होते. तुला काय दिसलं?"

"ससा दिसला."

"शेपटी दिसली. तू मागे होतीस. दुसरीत मी झाड होते, तुला सुतळी दिसली. माझं तोंड तू नाटकात एकदाही बघितलेलं नाहीस."

वहिनींनी सुई थांबवली. "बाजूने दिसतं गं थोडं."

"बाजूने नाही. समोरून. बाबांसारखं, खुर्चीत बसून."

"बरं, बसेन."

पेपरामागून बाबा हसले. टिकलीने त्यांच्याकडे पाहिलं आणि मग आईकडे. "पूर्ण नाटक. काहीही झालं तरी उठायचं नाही."

"आणि आग लागली तर?"

"मग सगळेच उठतील. सगळे उठले तरच तू."

"वकील होणार ही पोरगी," बाबा म्हणाले.

टिकली हसली नाही. झग्याची बाही खालीवर करत राहिली. "पुढच्या वर्षी मी मोठ्या शाळेत. तिथे नाटक असतं की नाही, कोण जाणे. आणि तू उठलीस ना, तर मला कळेल."

"काय कळेल?"

"की तुला नाटक आवडतं. म्हणजे, नाटकाचं काम. मी नाही."

वहिनींनी "काहीतरीच काय" म्हणायला तोंड उघडलं. त्या पुन्हा ठिगळाकडे वळल्या, पण ते ठिगळ सरळच लागलं आणि उसवावं लागलं.

मंडळाची सभा पहिलीच्या वर्गात भरते. मोठी माणसं चिमुकल्या खुर्च्यांत, गुडघे हनुवटीला लावून. वहिनी दाराला टेकून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "यंदा मी पडद्याला नाही. मी समोर बसणार आहे."

सगळ्यांनी माना वर केल्या.

"तब्येत बरी आहे ना?" वायरमननी विचारलं.

"ठणठणीत आहे."

"मग घरी काही भांडण वगैरे?"

"अहो, नाटक बघायचंय मला."

"नाटक?" वायरमन इतरांकडे वळून म्हणाले. "आपलं? स्वतःहून?"

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, चष्मा पुसत होत्या. "बसा की, वहिनी. तुमचा हक्कच आहे. फक्त पडदा..." त्यांनी वाक्य तसंच सोडून दिलं. सोडलेली वाक्यं वहिनी उचलतात, हा सगळ्यांचा अनुभव. या वेळी वहिनींनी ते जमिनीवर पडू दिलं.

शेवटी कोपऱ्यातून एक हात वर आला. पोस्टमन होते. दुसरीतल्या मुलीचे वडील. सभेत कधी बोलत नाहीत, आणि बोलले तरी शेजारच्यालाच ऐकू जातं. "मी ओढीन," असं ते बहुधा म्हणाले.

वहिनींनी त्यांना आठवडाभर शिकवलं. ढील, कुरकुर, हिसका.

"कुरकुर ऐकू आली का, भाऊ?"

"आली बहुतेक."

"बहुतेक नाही. कप्पी तुमच्याशी बोलते असं समजा."

"घरी पण असंच सांगतात मला," पोस्टमन हळूच म्हणाले. वहिनींना हसू आलं, आणि तेवढ्यात पडदा अडला.

पण जमलं. दहात आठदा जमायला लागलं. उरलेल्या दोनांचं काय, हे वहिनींनी कुणाला विचारलं नाही. त्यांचा जीव मात्र टांगणीला लागला होता. दुकानात एका गिऱ्हाइकाला त्यांनी दुसऱ्याचाच चष्मा दिला. गिऱ्हाईक म्हणालं, "वा, आता स्पष्ट दिसतंय." तेव्हा त्यांनी तो ओढूनच घेतला.

मेळाव्याच्या दिवशी मैदानभर माणसं. सरबताची पिंपं, जुन्या खेळण्यांची टेबलं, रिंगा टाकायचा खेळ. दिवसभर वहिनींच्या पायाला भिंगरी. संध्याकाळी तिसरी घंटा झाली आणि बाबांनी सवयीने शेजारचा रुमाल उचलला. मागून एक आजोबा खुर्चीकडे सरसावले. वहिनी त्यांच्या आधी पोचल्या.

त्यांनी बूड टेकवलं. सभागृहात कुणीतरी टाळी वाजवली. वायरमनच असणार.

पडदा उघडला, व्यवस्थित उघडला. राजा आला, जांभया देऊ लागला. वहिनींचे ओठ हलत होते. त्या संवाद म्हणत नव्हत्या, "ढील, हिसका" म्हणत होत्या. माइक कर्कश ओरडला. त्यांचा डावा पाय उठला. बाबांनी त्याकडे पाहिलं, पाय खाली गेला. एका दरबाऱ्याची मिशी गालावर सरकली. ओढणीच्या पिनेकडे गेलेला हात वहिनींनी मांडीखाली दाबून ठेवला.

दरबार संपला, पडदा पडला. आता टिकलीचा प्रवेश.

दोरी हलली आणि पडदा सुरू झाला. हातभर सरकला आणि अडला.

पोस्टमननी ओढलं. पडदा थरथरला, तसूभरही सरकला नाही. त्या फटीतून टिकलीचा अर्धा झगा दिसत होता आणि एक डोळा. बाकी सगळं निळ्या कापडामागे. लोक कुजबुजू लागले. विंगेतून वायरमन वहिनींना खुणा करत होते, दोन्ही हातांनी, बुडणाऱ्या माणसासारख्या. मोठ्या बाईंनी मान वळवून पाहिलं. मग पहिली रांग वळली, मग दुसरी.

उठलं तर वचन जातं. न उठलं तर पोरीचा प्रवेश पडद्याआड जातो. आणि पडदा सोडवायला किती वेळ लागला असता? एक हिसका. वहिनींचं सगळं वजन टाचांवरून चवड्यांवर आलं. खुर्ची मागे करकरली.

फटीतला तो एक डोळा त्यांच्याकडेच पाहत होता.

"सिग्नल लाल आहे," बाबा समोर बघत म्हणाले, अगदी हळू. "थांब."

वहिनी थांबल्या. खुर्चीची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरली आणि पुन्हा टेकल्या. गेली चार वर्षं उचललेल्या सगळ्या पिंपांपेक्षा तेवढं टेकणं जड गेलं, असं त्या नंतर म्हणाल्या.

मग पोस्टमन स्टेजवर आले. दोरी सोडून थेट स्टेजवर. कुणाला काही कळायच्या आत त्यांनी पडद्याची कड दोन्ही हातांनी धरली, चालत चालत बाजूला नेली, आणि तिथेच उभे राहिले. सोडला असता तर पडदा परत आला असता. खाकी शर्ट, डोक्यावर पंखा, समोर भरलेलं सभागृह. त्यांचे कान लाल झाले होते.

टिकली पाठीत वाकून, काठी टेकत आली. आधी तिने राजाकडे पाहिलं. मग पोस्टमनकडे पाहिलं. हे नाटकात नव्हतं. ती काठी टेकत त्यांच्याकडे गेली, त्यांच्याभोवती एक फेरी मारली, आणि म्हातारीच्या आवाजात म्हणाली, "राजेसाहेब, हा खांब नवा घातलात वाटतं?"

सभागृहात हशा पिकला.

"काय हो खांबराव, तुम्हाला हवी का झोप? स्वस्तात देते."

पोस्टमननी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने उत्तर दिलं. "द्या थोडी. पण सकाळी डाक वाटायची असते, उठता यायला हवं."

"मग डुलकी घ्या. डुलकी फुकट," टिकली म्हणाली आणि राजाकडे वळली.

वहिनी आ वासून बघत होत्या. त्यांनी त्या चेहऱ्यावर आपलं काहीतरी शोधलं, सापडलं नाही. नवऱ्याचंही नव्हतं. एक भुवई आधी वर जायची, मग थांबायची, मग शब्द यायचा. लोक हसून संपेपर्यंत ही पोर वाट बघत होती. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. दहा वर्षं एका घरात, एका ताटात, आणि हे आपल्याला माहीतच नव्हतं. त्या हसल्या नाहीत. हसायचं राहूनच गेलं. नंतर गाल ओले लागले तेव्हा त्यांना वाटलं, वर पंख्यातून काही गळतंय.

"ही कुणावर गेली हो?" त्यांनी विचारलं.

"मला काय विचारतेस," बाबा म्हणाले. "मी दर वर्षी बघतोय. मलाही कळलेलं नाही."

नाटक संपलं. पोस्टमनना टिकलीपेक्षा जास्त टाळ्या मिळाल्या; ते पडद्यामागे पळाले. लोक पांगले आणि वहिनी खुर्च्यांकडे वळल्या. खुर्च्या मागून आणलेल्या होत्या. काही दवाखान्याच्या, काही वाचनालयाच्या, काही समोरच्या सलूनच्या. सगळ्या तपकिरी, दिसायला सगळ्या सारख्या. कुठली कुणाची, हे फक्त वहिनी ओळखतात. दवाखान्याच्या पाठीवर एक ओरखडा आहे, तसलं काहीतरी. त्यांनी थप्प्या लावायला घेतल्या. दवाखान्याची एक झाली. वाचनालयाची अर्धी झाली.

टिकली आली. तोंडावरच्या सुरकुत्या तशाच होत्या, काजळाच्या.

"तू उठली नाहीस."

"नाही उठले."

"मला वाटलं, उठणार. खुर्ची वाजली."

"वाजली खरी."

"मग सांग ना. कुठे कुठे आवडलं ते. सगळं, पहिल्यापासून."

"एवढ्या खुर्च्या लावते, मग सांगते."

टिकली काठी घेऊन उभी राहिली. वहिनींच्या हातात एक खुर्ची होती. त्यांनी टिकलीकडे पाहिलं, मग खुर्ची आहे तिथेच ठेवली.

"तू आलीस ना वाकून," त्या म्हणाल्या, "तेव्हाच मला वाटलं, ही कोण म्हातारी?" आणि बोलत बोलत दोघी दाराबाहेर गेल्या.

"वहिनी," मागून वायरमन ओरडले, "ह्या कुणाच्या?"

"उद्या सांगते," वहिनी म्हणाल्या. वळून न बघता.

उद्या राहून गेला. वायरमननी अंदाजाने खुर्च्या पोचवल्या. दवाखान्यातले पेशंट सध्या सलूनच्या खुर्च्यांत बसतात, आणि त्या मऊ आहेत, म्हणून तक्रार नाही. वाचनालयवाले मात्र दोनदा येऊन गेले. आमच्या कमी भरतायत, म्हणाले. वहिनी म्हणतात, बघते. अजून बघितलेलं नाही.