फक्कीची रेघ

जमिनीवर आखणी करायच्या पांढऱ्या फक्कीचा वास आला की तो ओसाड चौक आठवतो. घरातली पहिली पदवीधर मी. चौक नव्यानं बांधायचा माझा नकाशा पास झाला तरच नगरपालिकेतली नोकरी टिकणार होती. नकाशात मधोमध कारंजं काढलेलं. भर दुपारी फक्की मारताना दिसलं, माणसं, कुत्रीसुद्धा चौकातल्या त्या मधल्या मोकळ्या जागेला वळसा घालत होती. फुलवाल्या मावशींना विचारलं, "तिथं काय हाय?" "काय न्हाय की. वड होता, तुझ्या जन्माआधी तोडला." "मग लोक वळत्यात कशाला?" "तू न्हाय व्हय वळलीस?" मागं बघितलं. मी सरळ मारलेली रेघ तिथं गोल वळली होती. कारंजं खोडून मी वडाचं रोप काढलं. नकाशा पास झाला. आज चौक गजबजतो. रोप कंबरेएवढंच आहे, वळसा मात्र अजून जुन्या बुंध्याएवढा.