कोरी जागा आणि अण्णांचा चष्मा

विषय : जावातील फंक्शनल इंटरफेसमध्ये चेक्ड एक्सेप्शनला जागा मिळणेबाबत.
संदर्भ : पुतणी मनीषा हिचा अर्ज.

वरील विषयाशी माझा संबंध एवढाच, की मी मुरबाडच्या एका कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालो आणि आता शहापुरात मनीषाच्या ऑफिसात चहाला जातो. दाखल्यांच्या अर्जांचा प्रोग्राम तीच लिहिते. किस्से फायलींसारखेच साचतात. कपाट भरलं की खुर्चीवर!

*

मनीषा म्हणाली, "काका, जावा म्हणजे आमची प्रोग्राम लिहायची भाषा. तिच्यात काम फसू शकत असेल तर तसं आधी जाहीर करायचं. ते चेक्ड एक्सेप्शन."

"आमच्याकडे हे असतं तर एकही काम सुरू झालं नसतं!"

"पण फंक्शनल इंटरफेस, म्हणजे छोटं काम सोपवायची ठरलेली चौकट. आमच्या चौकटीत हे जाहीर करायला जागाच नाय."

*

तिचा सहकारी गणेश, वैशाखरे गावचा. त्याने तोडगा काढला : चूक पकडायची आणि पुढे काय करायचं तिथे कोरी जागा सोडायची.

"मग चूक झाली की काय होतं रे?"

"काय नाय. प्रोग्राम गप बसतो."

मला आमचे मोरे अण्णा आठवले. म्हशाच्या जत्रेत बैल बघायला जाताना उघड्या फायलीवर चष्मा ठेवून जायचे. चष्मा दिसला की अण्णा हजर! त्या कामासाठी त्यांनी वेगळा चष्माच घेतला होता. साध्या काचेचा!

*

सिद्धगडच्या पायथ्याच्या हिराबाई मनीषाच्या ऑफिसात आल्या. लेकीला नर्सिंगला घालायचं, जातीचा दाखला हवा. त्यांच्या कागदांचा स्कॅन प्रोग्रामला उघडता आलाच नव्हता आणि कोरी जागा गप बसली होती. स्क्रीनवर 'सर्व अर्ज निकाली'. निकाली अर्ज पुन्हा घेता येत नाही, असं सांगून कचेरीने त्यांना पिटाळलं होतं.

"मंग माझ्या पोरीचा दाखला कुठं हाय?"

गणेश उठून त्यांच्यासाठी चहा आणायला गेला.

*

मनीषाने चौकटीतच चूक जाहीर करायची जागा घातली. दुपारी मुरबाडच्या कचेरीतून फोन : "मॅडम, आमचं जुनं काय बी चालत नाय!" जुन्या चौकटीवरचे सगळे प्रोग्राम अडले होते.

मग तिने जुनी चौकट होती तशी ठेवली आणि शेजारी नवी मांडली. आमचीच रीत! बदली होऊनही न हललेल्या साहेबाशेजारी आम्ही नव्या साहेबाची खुर्ची अशीच मांडायचो.

*

नवी चौकट कचेरीतल्या साहेबांना दाखवली. स्क्रीन लाल! 'हिराबाईंचा अर्ज वाचता आला नाही. पुन्हा स्कॅन करा.'

साहेब दचकले. "हे कुठून आलं? जुन्यात तर सगळं निकाली होतं!"

"जुनंही चालू आहे, सर," मनीषा अभिमानाने म्हणाली. "काहीच मोडलेलं नाही."

"छान! मग तेच राहू द्या."

नवी चौकट वापरण्याच्या परवानगीसाठी मनीषाने रीतसर अर्ज केला. तो प्रलंबित आहे. हिराबाईंचाही.